पळीभर तेलाचा हिशेब

शाळेविषयी आपल्याकडे जे ललित लेखन होते, ते बहुधा शिक्षकाविषयी असते. गरीब वस्तीतील एक मोडकळीस आलेली शाळा, उनाड म्हणून ओवाळून टाकलेली मुले, खुर्चीत पेंगणारे सहकारी आणि अशा ठिकाणी अवचित येऊन पोहोचणारा एक ध्येयवेडा मास्तर. शेवटच्या प्रकरणात मुले उत्तीर्ण होतात, मास्तरांची बदली होते आणि वाचकाच्या डोळ्यांच्या कडा ओलावतात. अशा कथा आम्हीही आवडीने वाचल्या आहेत, असे चित्रपट सहकुटुंब पाहिले आहेत. परंतु पुस्तक मिटल्यावर एक प्रश्न तसाच उरतो. मास्तर येण्यापूर्वी ती शाळा मोडकळीस का आली होती? आणि मास्तर गेल्यावर तिचे काय झाले?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला एक जुना मजकूर आठवला. साहित्य म्हणून तो फारसे कोणी वाचत नाही. तो कागदावर नाही, दगडावर आहे. आणि तो आपल्या खानदेशातला आहे. प्रस्तुत लेखात त्या दगडाशेजारी पडद्यावरच्या दोन शाळा आणि इटलीतील एका धर्मग्रामात लिहिले गेलेले एक पत्र ठेवून पाहावे, असा विचार आहे.

चाळीसगावाहून दहा-बारा मैलांवर, गौताळ्याच्या जंगलाला लागून, डोंगराच्या कुशीत पाटण हे स्थान आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांमुळे ते खानदेशात सर्वतोमुखी आहे. तेथील भवानीच्या देवळातील शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि पुढे किलहॉर्न या जर्मन पंडिताने तो संपादून प्रसिद्ध केला. लेखाचा काळ शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०७. ‘लीलावती’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन आणि विवरण व्हावे यासाठी त्याने पाटणला एक मठ स्थापन केला. मठ म्हणजे आजच्या भाषेत विद्यालयच. निकुंभ वंशातील सोइदेव या स्थानिक राजाने चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी, सर्व लोकांच्या समक्ष, हातावर पाणी सोडून या मठाला दान दिले. भास्कराचार्यांचे विज्जलविड गाव नेमके कोणते, यावर पंडितांमध्ये वाद आहेत आणि त्या वादात चाळीसगावकरांचे मन नेहमीच गुंतलेले असते. आमचे लक्ष मात्र त्या दगडावरील दुसऱ्याच एका गोष्टीने वेधून घेतले.

लेखाचा बहुतांश भाग संस्कृतात आहे. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. त्रिविक्रमापासून लक्ष्मीधरापर्यंतची नावे, कोणाला कोणत्या राजाने मान दिला त्याचे वर्णन, निकुंभ राजांची स्तुती, असा सगळा थाट पद्यात आणि अलंकारांत आहे. अशा लेखनाला आपण सरावलेले असतो. मोठी माणसे, मोठे शब्द. आणि मग शेवटी, जेथे प्रत्यक्ष देण्याघेण्याचा विषय निघतो, तेथे दगडावरची भाषा एकदम पालटते. संस्कृत थांबते आणि मराठी सुरू होते. या पाटणात जे केणे, म्हणजे विक्रीचा माल, उघडले जाईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला. विकणाऱ्याकडून ब्राह्मणांना मिळणारा हिस्सा ब्राह्मणांनी मठाला दिला. नगराने दामाचा विसावा भाग दिला. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी. पहिल्या घाण्याची एक लोटी, आणि गावात जितके घाणे चालतील तितक्या प्रत्येकाची एक पळी तेल. येथे जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे. मापाईची निम्मी रक्कम मठाची, निम्मी मापाऱ्याची.

मराठीच्या आरंभकाळातील लेख म्हणून भाषेचे अभ्यासक या ओळींकडे पाहतात. आम्हाला त्यांत एक वाङ्मयीन निर्णय दिसतो. कोरणाऱ्याने किंवा कोरवून घेणाऱ्याने ठरवले, की राजाची कीर्ती संस्कृतात राहिली तरी चालेल, पण तेल्याने पळीभर तेल द्यायचे असेल तर ते त्याला कळेल अशा बोलीतच सांगितले पाहिजे. वाचता न येणाऱ्यालाही कोणीतरी ते वाचून दाखवील आणि ऐकणाऱ्याला ते उमजेल. ज्याच्याकडून काही हवे, त्याच्या भाषेत बोलायचे. पुढे चारशे वर्षांनी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले तेव्हा त्यांनीही याच शहाणपणाचा आधार घेतला होता, हे आपल्या समाजातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

या मजकुरात नायक नाही. मठात शिकवणारा कोणी असामान्य गुरू होता, त्याने मठ्ठ शिष्यांना शहाणे केले, असे काही तेथे लिहिलेले नाही. तेथे आहे ती फक्त यादी. कोणी काय द्यायचे, कोणत्या मापाने आणि कोणाला. मात्र ही यादी वाचताना पाटणची पेठ डोळ्यांपुढे उभी राहते. घाण्याभोवती फिरणारा बैल, गोण्या उतरवणारे व्यापारी, पोफळी मोजणारे गिऱ्हाईक, माप धरून बसलेला मापारी. या सगळ्यांच्या रोजच्या व्यवहारात शाळेचा एक लहानसा वाटा बाजूला निघत होता. कोणावरही भार पडणार नाही इतका लहान, पण घाणा जोवर फिरेल तोवर न थांबणारा. शाळा कशावर चालते, याचे इतके नेमके वर्णन मराठीत नंतर क्वचितच झाले असेल.

तथापि समीक्षकाने मजकुराच्या प्रेमात पडून त्यातील उणीव झाकू नये. या यादीत देणाऱ्यांची नोंद आहे, शिकणाऱ्यांची नाही. मठात संस्कृत ग्रंथांचे अध्ययन व्हायचे होते, आणि त्या काळात ते कोणाला खुले होते हे सर्वज्ञात आहे. तेल्याची पळी मठात जात होती, तेल्याचा मुलगा जात नव्हता. ही विसंगती पाटणपुरती किंवा तेराव्या शतकापुरती राहिली नाही. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्याचा गाभा हाच होता. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर; रयतेच्या मुलांना साधी प्राथमिक शाळाही मिळत नाही. फुल्यांनी पळीभर तेलाचा हिशेब प्रथमच तेल्याच्या बाजूने मांडला, असे म्हणता येईल.

चाळीसगावालाही या हिशेबाचे एक पान स्वतःच्या नावावर लिहून घ्यावे लागले आहे. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावी उतरले. एकही टांगेवाला त्यांना घेऊन जाण्यास तयार होईना. पाहुण्याला पायी नेणे वस्तीतील लोकांना अपमानाचे वाटले. म्हणून त्यांनी टांगा मिळवला आणि हाकण्याचा सराव नसलेला आपल्यातीलच एक माणूस त्यावर बसवला. पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या छोट्या आठवणवजा लेखनात हा प्रसंग आहे, आणि त्याच लेखनात, आरंभी, शाळेत गोणपाटावर वेगळे बसणाऱ्या आणि शिपाई आल्याशिवाय पाणी पिऊ न शकणाऱ्या मुलाची आठवणही आहे. भास्कराचार्यांचा वारसा मिरवणाऱ्या तालुक्याने ही दोन पाने एकत्र बांधून ठेवावीत, असे आम्हाला वाटते.

आता पडद्यावरच्या शाळांकडे वळू. १९८८ साली निघालेला ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा अमेरिकी चित्रपट गरीब वस्तीतील सरकारी हायस्कुलाविषयीच्या चित्रपटांचा जणू नमुनाच मानला जातो. पूर्व लॉस एंजेलिसमधील गारफील्ड हायस्कूल ही बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांतील मुलांची शाळा. तेथे बोलिव्हियाहून आलेले हाइमे एस्कालान्ते गणित शिकवतात. १९८२ साली त्यांच्या अठरा विद्यार्थ्यांनी कलनशास्त्राची, म्हणजे कॅल्क्युलसची, महाविद्यालयीन दर्जाची परीक्षा दिली आणि सगळेच उत्तीर्ण झाले. परीक्षा मंडळाला संशय आला. चौदा जणांना पुन्हा बसण्यास सांगितले गेले. त्यांपैकी बारा जण बसले आणि पुन्हा सगळेच उत्तीर्ण झाले. या सर्व घटना खऱ्या आहेत. एडवर्ड जेम्स ओल्मोस यांचा अभिनयही उत्तम आहे. गरीब मुलाने यश मिळवले की जगाला पहिली शंका येते ती चोरीची, हे या चित्रपटाने ज्या रोखठोकपणे दाखवले, त्याबद्दल तो स्मरणात राहावा.

आमची तक्रार वेगळी आहे. पडद्यावर पाहताना असे वाटते, की साध्या बेरजा न येणारी मुले दोनेक वर्षांत कलनशास्त्रापर्यंत पोहोचली. प्रत्यक्षात एस्कालान्ते १९७४ साली या शाळेत आले होते. मधल्या आठ वर्षांत त्यांनी खालच्या वर्गांपासून गणिताची पायरी-पायरी बांधून काढली. मुख्याध्यापक हेन्री ग्राडिलास यांनी त्यांना पाठिंबा दिला. बेन हिमेनेझ या सहकाऱ्याने त्यांच्याबरोबरीने वर्ग चालवले. चित्रपटात हा सगळा पाया पुसट होतो आणि उरतो एक मास्तर, त्याची टोपी व त्याचे विनोद. १९९१ साली एस्कालान्ते शाळा सोडून गेले आणि त्यानंतर गारफील्डमधील उत्तीर्णांची संख्या झपाट्याने घसरली. ही घसरण दाखवणारा चित्रपट कोणी काढला नाही. तो काढला असता तर प्रेक्षकाला एक अडचणीचा प्रश्न पडला असता. जी शाळा एका माणसाच्या जाण्याने कोसळते, तिला त्या माणसाच्या येण्यापूर्वी कोणी वाऱ्यावर सोडले होते?

त्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटगृहात मिळत नाही, न्यायालयाच्या कागदांत मिळते. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरात एजवूड नावाचा गरीब शाळा-विभाग आहे. १९६८ साली एजवूड हायस्कुलातील विद्यार्थी इमारतीची दुरवस्था आणि पात्र शिक्षकांचा अभाव यांविरुद्ध वर्ग सोडून बाहेर पडले. त्यांच्या पालकांनी, डेमेट्रिओ रॉड्रिग्ज यांच्या पुढाकाराने, दावा दाखल केला. अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च त्या त्या विभागातील घरांवरील करातून भागवला जातो. १९६७-६८ साली एजवूडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे १ डॉलर ५ सेंट कर भरत होते. त्याच शहरातील श्रीमंत अलामो हाइट्समध्ये हा दर ८५ सेंट होता. म्हणजे गरीब अधिक दराने देत होते. तरीही स्थानिक करातून एजवूडला प्रत्येक मुलामागे २६ डॉलर मिळाले आणि अलामो हाइट्सला ३३३. राज्याची व केंद्राची मदत मिळवूनही एजवूडच्या मुलावर वर्षाला ३५६ डॉलर खर्च होत होते आणि अलामो हाइट्सच्या मुलावर ५९४. कारण उघड आहे. ज्याचे घर लहान, त्याच्या घराची पळीही लहान. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की ही विषमता त्या देशाच्या राज्यघटनेचा भंग करीत नाही. पुढे १९८९ साली टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने राज्याची ही पद्धत एकमताने अवैध ठरवली. पण तोवर एजवूडच्या मुलांची एक पिढी शाळेबाहेर पडली होती.

पाटणच्या दगडाने दिलेली सूचना येथे पुन्हा आठवते. जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे. एजवूडला शाळेची गरज मोजली गेली ती घराच्या किमतीच्या मापाने. माप कोणाचे, या एका प्रश्नात शाळेचे भवितव्य असते.

मराठीत या जातीचा चांगला चित्रपट म्हणजे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दहावी फ’. तो २००२ साली आला. अतुल कुलकर्णी यांनी त्यात शिक्षकाची भूमिका केली आहे. तुकड्यांच्या नावांतच मुलांची प्रतवारी करणारी शाळा, ‘अ’ तुकडीतील हुशार, सुस्थितीतील मुले आणि ‘फ’ तुकडीतील नापास, गरीब, रागावलेली मुले. त्या रागातून शाळेत मोडतोड होते. येथवर कथा ओळखीच्या वाटेने जाते, आणि शिक्षकाचे मोठेपणही येथे आहेच. पण हा चित्रपट एका ठिकाणी वेगळे वळण घेतो. जे मोडले ते आपण स्वतः कष्ट करून भरून देऊ, अशी दिशा त्या मुलांना सापडते. परीक्षेतील यशापेक्षा ही भरपाई चित्रपटाला महत्त्वाची वाटते. ज्या शाळेने आपल्याला ‘फ’ म्हटले, तिच्यासाठी घाम गाळताना ती शाळा प्रथमच त्या मुलांची होते. देणारा आणि शिकणारा एकच झाला. पाटणच्या यादीत जी जागा रिकामी होती, ती या चित्रपटाने क्षणभर भरून काढली, असे आम्हाला वाटते. उणीव म्हणाल तर एवढीच, की गाव येथेही दूरच राहते. मुलांना ‘फ’ तुकडीत ढकलणारे पालक, संस्थाचालक, शेजारी यांच्याकडून कोणी पळीभर तेल मागत नाही.

चौथा मजकूर आपल्या ख्रिस्तसभेच्या अंगणातला आहे. फादर लोरेंझो मिलानी यांना १९५४ साली इटलीतील फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील डोंगरात, बार्बियाना नावाच्या अगदी लहान धर्मग्रामात पाठवण्यात आले. त्यांची मते वरिष्ठांना पेलवत नव्हती. तेव्हा ही नेमणूक म्हणजे एक प्रकारे हद्दपारीच होती. तेथे त्यांनी शेतकऱ्यांच्या, सरकारी शाळेने नापास करून घरी बसवलेल्या मुलांसाठी शाळा काढली. १९६७ साली या शाळेतील आठ मुलांनी मिळून ‘एका शिक्षिकेस पत्र’ लिहिले. त्याच वर्षी जून महिन्यात फादर मिलानी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी निवर्तले.

या पत्रावर लेखक म्हणून कोणाही एकाचे नाव नाही. नाव आहे शाळेचे. ते ‘आम्ही’ म्हणून बोलते. त्यातील राग लपवलेला नाही, परंतु त्या रागाला मुलांनी गणिताची शिस्त लावली आहे. किती मुले नापास झाली, त्यांचे बाप काय करीत होते, कोणत्या वर्गात किती जण गळाले, याचे आकडे जमवून त्यांनी मांडले, आणि निघाले ते हे, की गळणारी मुले बहुतांशी शेतकऱ्यांची आणि मजुरांची होती. निरोग्यांची देखभाल करून आजाऱ्यांना दारातून परत पाठवणाऱ्या रुग्णालयाशी त्यांनी शाळेची तुलना केली. फादर मिलानी यांच्यासारखा असामान्य गुरू समोर असताना या मुलांनी त्यांचे गुणगान करणारे पुस्तक लिहिले नाही, हिशेबाचे पुस्तक लिहिले. गुरूने दिलेल्या शिक्षणाचा याहून चांगला पुरावा कोणता असू शकेल? २०१७ साली परमगुरू फ्रान्सिस बार्बियानाला गेले आणि फादर मिलानी यांच्या कबरीपाशी त्यांनी प्रार्थना केली. ज्या धर्मग्रामात एका धर्मगुरूला अडगळीत टाकण्यासाठी पाठवले गेले होते, तेथे पन्नास वर्षांनी परमगुरू यात्रेकरू म्हणून आले.

चार मजकूर वाचून झाले. आता वाचकांनी आमच्याबरोबर आपल्या गावातील शाळेपाशी यावे. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर फुल्यांच्या तक्रारीचे निवारण झाले आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सहा ते चौदा वर्षे वयाच्या कोणत्याही मुलाला शाळेचे दार बंद नाही. तेल्याचा, मजुराचा, भिल्लाचा, कोणाचाही मुलगा वा मुलगी आत जाऊन बसू शकते. आणि पळी? तीही बंद झालेली नाही. नगरपालिकेच्या घरपट्टीच्या बिलावर शिक्षण कराची ओळ असते. केंद्र सरकारने २००४ साली करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसवला, २००७ साली त्यात आणखी १ टक्क्याची भर पडली आणि २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून तो ४ टक्के झाला आहे. म्हणजे घाणा फिरतो आहे, पळीही पडते आहे. मात्र ती कोणत्या भांड्यात पडते, हे पळी देणाऱ्याला दिसत नाही. पाटणच्या तेल्याला मठ दिसत होता. त्याच्या मुलाला तेथे प्रवेश नव्हता. आपल्या मुलाला प्रवेश आहे. आपल्याला मात्र ती शाळा दिसेनाशी झाली आहे.

असे का झाले, याचे उत्तर आपल्या घरांत शोधावे लागेल. रेल्वेच्या नोकरीने भुसावळ-चाळीसगावच्या वाटेला आलेली, शिक्षकीने, परिचर्येने खानदेशात स्थिरावलेली आपली अनेक कुटुंबे एके काळी गावच्या मराठी शाळेतच शिकली. परिस्थिती सुधारली तशी मुले कॉन्व्हेंटमध्ये गेली. आम्हीही याला अपवाद नाही. त्यात आईबापांचा दोष काढणे अन्यायाचे होईल. मुलाच्या भल्याची इच्छा हा काही अपराध नव्हे. धर्मभगिनींनी आणि धर्मगुरूंनी चालवलेल्या शाळांनी या भागाला जे दिले, तेही कमी नाही. प्रश्न एवढाच आहे, की मुलांबरोबर आपले लक्षही त्या जुन्या शाळेतून निघून गेले. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम केला. मठाचे माप पालकांच्या हाती देणारी ही तरतूद आहे. पण ज्यांना अर्ज लिहिता येतो, अधिकाऱ्यापुढे उभे राहून विचारता येते, हिशेबाची वही मागता येते, त्यांची मुले त्या शाळेत नसतात. जे उरतात ते दिवसाची मजुरी बुडवून सभेला यावे लागणारे पालक. त्यांनी माप कसे धरावे?

मग शाळेचा पट घटतो, आणि पट घटला म्हणून शाळा सरकारच्या नजरेतून उतरते. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळांचा प्रश्न पुढे आला आणि अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. एकेका मुलासाठी शिक्षक आणि इमारत ठेवणे परवडत नाही, हा युक्तिवाद निराधार नाही. पण सातपुड्याच्या पाड्यावरील मुलीसाठी दोन मैलांवर गेलेली शाळा ही बंद झालेलीच शाळा असते, हेही तितकेच खरे. त्याच वर्षी दत्तक शाळा योजना जाहीर झाली. तिच्यानुसार ठरलेल्या रकमेइतकी मदत करणाऱ्या देणगीदाराने सुचवलेले नाव पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळेच्या नावाला जोडता येते. मदत येत असेल तर तिला नाके मुरडू नयेत. खानदेशात अंमळनेरच्या प्रताप शेठजींच्या उदारतेवर उभ्या राहिलेल्या शाळेतच साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अध्यापन केले, हे आपण विसरत नाही. तरीही पाटणचा दगड शेजारी ठेवला की एक फरक डोळ्यांत भरतो. सोइदेवाचे नाव दगडावर आहे. पण त्याच दगडाने राजाच्या दानाखाली घाण्याची पळी आणि गिऱ्हाइकाच्या पाच पोफळी बिनचूक नोंदवून ठेवल्या. मोठ्या दानाने शाळा उभी राहते. ती टिकते ती लहान दानांवर, कारण लहान दान देणारा रोज तेथून जातो आणि छप्पर गळताना त्याला दिसते.

शुभवर्तमानात प्रभू येशू मंदिरातील दानपेटीसमोर बसून लोक त्यात पैसे कसे टाकतात ते पाहत होता, असे मार्क सांगतो. श्रीमंतांनी पुष्कळ टाकले. एका गरीब विधवेने दोन टोल्या टाकल्या. त्या प्रसंगावर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत आणि बहुधा ती विधवेच्या त्यागावर असतात. आमचे लक्ष यावेळी पहिल्या वाक्याशी अडले. प्रभू तेथे बसून पाहत होता. कोण काय देतो, कोठून देतो, हे पाहणे त्याला कमीपणाचे वाटले नाही. बार्बियानाच्या मुलांनी आकडे मांडले, पाटणच्या कोरक्याने पोफळी मोजल्या, ते याच जातीचे काम आहे.

तेव्हा शाळेविषयी पुढे जे कोणी लिहितील, त्यांना आमची एक विनंती आहे. ध्येयवेड्या मास्तरांवर जरूर लिहावे; असे मास्तर आहेत आणि त्यांच्यावर लिहिले गेलेच पाहिजे. पण त्यांच्या कथेत गावालाही पात्र करावे. खडूची पेटी कोणाच्या पैशाने आली, पाण्याची टाकी कोणी दुरुस्त केली, समितीच्या सभेला कोण आले आणि कोण आले नाही, हे लिहावे. आणि जे लिहीत नाहीत, अशा आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनी एवढेच करावे, की रविवारी मिस्सा आटोपून घरी परतताना वाटेत जी जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा लागते, तिच्या फाटकापाशी थोडे थांबावे. सुट्टीच्या दिवशी फाटक बंद असेल. सोमवारी ते उघडते.